देणं लागतो

झरीतल्या दोन माणसांचं मी देणं लागतो. एक आमचे इंग्रजीचे सर आणि दुसरे किराणा दुकानाचे आप्पा. दोघंही आज हयात नाहीत. त्यांनी मला काय दिलं हे सांगायचं तर एका इंग्रजी क्रियापदाची कूळकथा सांगावी लागेल. ते क्रियापद मला या दोघांनी मिळून दिलं, आणि पुढे माझी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यातच गेली. क्रियापद अगदी लहान आहे: ओ. स्पेलिंग ओ-डब्ल्यू-ई. शाळेच्या कोशात त्याचा अर्थ असतो देणे लागणे, ऋणी असणे.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी लागतं. दुधना-पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. माझ्या लहानपणी कापूस, ज्वारी आणि तूर. आता बघावं तिकडे सोयाबीन. गाव बाजाराचं, त्यामुळे आसपासच्या खेड्यांतल्या माणसांचा राबता कायम. आमचं घर कोरडवाहू शेतकऱ्याचं. आबा अंगठेबहाद्दर, मायही शाळेची पायरी न चढलेली. घरात छापील कागद म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं होतं, आणि ते आप्पांच्या दुकानातून दिवाळीला मिळायचं.

सरांचा जन्म निजामाच्या राज्यातला. मराठवाड्यात त्या काळी वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून होई. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे तर कॉलेजचे विषयही उर्दूतूनच शिकवत. सर शाळा संपवून बाहेर पडले आणि थोड्याच काळात, 17 सप्टेंबर 1948 ला, ते राज्य संपलं. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि इंग्रजी शिकले तेही उर्दूच्या वाटेनं. त्यांच्याकडे मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश होता. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूनं तो 1937 साली काढला, आणि तोही आपल्या औरंगाबादेतून. मराठवाड्याच्या मातीत एवढं मोठं कोशकार्य उभं राहिलं, हे आज आमच्या भागातल्या किती शिक्षकांना माहीत असेल? सरांनी तो कोश लाल रुमालात बांधून ठेवला होता. शब्द अडला की ते रुमाल सोडत, आधी उर्दू अर्थ वाचत, मग डोळे मिटून मराठीत काय म्हणता येईल ते शोधत. एका शब्दावर दोन भाषांचा पहारा. म्हणून असेल, ‘याचा अर्थ हा’ असं सांगून पुढे जाणं त्यांना कधी जमलं नाही. ‘हा शब्द इथे काय काम करतो ते बघ,’ म्हणायचे.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. एबीसीडी पाटीवर गिरवून झाली की वर्षभरात वाक्यं सुरू. सगळ्या वर्गात मिळून पुस्तकं कमी, म्हणून सर फळ्यावर धडा उतरवून देत. त्यांचं अक्षर उजवीकडे किंचित झुकलेलं, उर्दूच्या वळणाचं. आजही माझ्या इंग्रजी अक्षरात तो झुकाव आहे. लोक विचारतात कुठे शिकलात, तेव्हा मी झरीचं नाव सांगतो.

आता आप्पा. लिंगायत वाणी, कपाळावर विभूती, अंगात पांढरी बंडी. दुकान म्हणजे एक खण. त्यात गोडेतेल, गूळ, मीठ, चहापत्ती, काडेपेट्या, बाहेर ओट्यावर राकेलचा पिंप. गावातली निम्मी घरं त्यांच्या वहीत होती. आमचंही.

1972 च्या दुष्काळात ते खातं फुगलं. विहिरी आटल्या, ज्वारी पोटऱ्यात यायच्या आतच करपली. माय-आबा खडी फोडायला जात. रोजगाराच्या कामावर सुकडी मिळे. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, तिच्या भाकरीला चव नव्हती पण पोट भरे. मीठ-मिरची, तेल, राकेल मात्र आप्पांकडूनच. त्या वर्षी आप्पांनी आमच्या घरी कधी ‘नाही’ म्हणून पाठवलं नाही, आणि त्या उधारीवर व्याजही धरलं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. ते खातं पुढे मी स्वतः वाचलंय.

कारण काही वर्षांनी आप्पांना मोतीबिंदूनं नीट दिसेनासं झालं आणि संध्याकाळची वही लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आठवीत होतो. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, पहिल्या पानावर श्री, प्रत्येक घराला एक पान. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. नेलेला माल नावे टाकायचा, आलेला पैसा जमा करायचा. दिवाळीला जुनी वही मिटायची आणि प्रत्येकाची बाकी नव्या वहीत पुढे ओढायची. लिहिण्याबद्दल आप्पा मला रोख काही देत नसत. महिना भरला की म्हणत, ‘तुझ्या बापाच्या पानावर तुझं जमा कर.’ आबांच्या नावाखाली माझ्याच हातानं मी माझी मजुरी जमा करी आणि बाकी कमी झालेली बघे. पुढे आयुष्यात पगाराच्या अनेक स्लिपा आल्या, पण त्या आकड्याचा आनंद वेगळा होता.

आप्पांची एक शिस्त होती. गिऱ्हाईक हिशेबाला आलं की ते मला पूर्ण पान मोठ्यानं वाचायला लावत. तारीख, जिन्नस, आकडा. समोरच्याला वाचता येवो न येवो, त्याला ऐकू गेलं पाहिजे. ‘पावशेर तेल पोरगी घेऊन गेली होती, बरोबर?’ समोरच्यानं मान डोलावली की पुढची ओळ. या एका सवयीला मी फार मानतो. का ते पुढे येईलच.

सरांचंही खातं होतं. पगार झाला की ते पहिल्या आठवड्यात यायचे. अशाच एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, ‘पोरा, सरांचं किती निघतं बघ.’ मी पान काढून आकडा वाचला. सरांनी पैसे मोजून ठेवले आणि मला विचारलं, ‘आता हेच इंग्रजीत सांग.’ मी वाक्य केलं, क्रियापद ओ. ‘आणि मागच्या महिन्यात देणं होतं म्हणायचं असेल तर?’ मी म्हणालो, ओड. सर म्हणाले, ‘आज ओड. पण या क्रियापदाचं पूर्वी दुसरंच भूतकाळी रूप होतं. ते तुला येतं. कालच वर्गात शिकवलंय.’

पुडी बांधायच्या रद्दीतला एक कागद घेऊन त्यांनी त्यावर लिहिलं: ऑट. आदल्या दिवशी आम्ही ‘ऑट टू’ शिकलो होतो. अर्थ पाठ केला होता: पाहिजे. आईबापाची आज्ञा पाळली पाहिजे, खरं बोललं पाहिजे. सरांनी ते नेसफिल्डच्या जुन्या व्याकरणात वाचलं होतं, की ऑट हे मुळात ओचंच भूतकाळी रूप. ‘आधी देणं होतं,’ ते म्हणाले, ‘त्याचंच पुढे कर्तव्य झालं.’

आप्पा ताजव्यात गूळ जोखत होते. ते म्हणाले, ‘म्हणजे साहेबाच्या भाषेत पाहिजे हा शब्द उधारीच्या वहीतून आला म्हणा की.’ जरा थांबून म्हणाले, ‘आपल्यात बी तसंच हाय, सर. देणं लागतं, जावं लागतं. आन् मामा बी लागतो.’

सरांनी त्या कागदावर ऑटच्या खाली ‘लागणे’ लिहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मी घरी गेलो तो या दोन शब्दांची उजळणी करत. मला इंग्रजीची गोडी लागली ती त्या संध्याकाळी, असं मी नेहमी सांगत आलो आहे.

पुढे परभणीला कॉलेज आणि मग औरंगाबादला विद्यापीठात एम. ए. तिथल्या ग्रंथालयात ऑक्सफर्डचा मोठा कोश होता. 1884 पासून 1928 पर्यंत भागाभागानं छापला गेलेला, एकेका शब्दाचा शतकवार इतिहास देणारा. मी आधी ओ काढला. सरांनी रद्दी कागदावर जे सांगितलं ते खरंच होतं, पण गोष्ट त्याहून फार लांबची निघाली.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद ‘आगन’ असं होतं आणि त्याचा अर्थ होता बाळगणे, मालक असणे. देण्याशी त्याचा संबंधच नव्हता. घर आगन, शेत आगन, गाय आगन. आज आपण ओन म्हणतो तो अर्थ. ओन हा शब्दही त्याच घरचा: आगनच्या कृदंतापासून ‘स्वतःचा’ हे विशेषण आलं. म्हणजे ओ, ओन आणि ऑट ही तिन्ही भावंडं. एकाच मुळाची, आणि आज त्यांचे अर्थ तीन दिशांना गेलेले: देणं, मालकी, कर्तव्य.

मालकीचं देणं कसं झालं? याचा माग एका पोथीत सापडतो. लिंडिसफार्न गॉस्पेल्स ही लॅटिन शुभवर्तमानांची जुनी हस्तलिखित पोथी. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूनं तिच्या ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिले. लॅटिनमध्ये देणं लागण्याचा शब्द होता ‘देबेरे’. त्यासाठी त्यानं योजलं ‘आगन टू गेल्डन’: फेडण्यासाठी बाळगणे. माझ्या हातात आहे खरं, पण द्यायचं म्हणून आहे. पुढच्या दोनेक शतकांत ‘फेडण्यासाठी’ हा शेपटीचा भाग गळाला आणि नुसतं आगन उरलं, पण अर्थ मात्र त्या गळलेल्या शेपटीचाच राहिला. माझं आहे म्हणता म्हणता मी देणं लागतो असं झालं. त्या पोथीतली दोन ओळींमधली जागा केवढीशी, पण एका क्रियापदाचं आयुष्य तिथे बदललं. मला हा भाग दर वेळी वाचताना अंगावर काटा येतो.

जुना अर्थ लगेच मेला नाही. शेक्सपिअरची सुनीतं 1609 साली छापली गेली. त्यातल्या अठराव्या सुनीतात हेच क्रियापद मालकीच्या अर्थानं आलंय. देण्याच्या अर्थानं ते वाचलं तर ओळ लागतच नाही. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात घराचा मालक सांगतानाही ओच होतं. पुढच्या मुद्रकांनी तिथे ओन घातलं. आणि त्याच बायबलात, दहा हजारांचं कर्ज माफ झालेल्या आणि बाहेर पडताच शंभरांसाठी दुसऱ्याचा गळा धरणाऱ्या चाकराच्या कथेत, ‘देणं होतं’ म्हणायला ऑट वापरलंय. एकाच ग्रंथात मालकीचा ओ आणि देण्याचा ऑट. शेक्सपिअरच्या काळचा वाचक दोन्ही अर्थ सहज वागवत होता. हळूहळू लोकांनी कामं वाटून दिली: मालकीला ओन, देण्याला ओ, भूतकाळाला नवा ओड, आणि ऑट नुसत्या कर्तव्यासाठी उरला.

तेवढ्यावर थांबत नाही. शॅल आणि शूड हे आपण शाळेत वेगळे धडे म्हणून शिकतो. शॅलचाही मूळ अर्थ ‘मी देणं लागतो’ असाच होता. चौदाव्या शतकात चॉसरनं तो त्या अर्थानं वापरलेला सापडतो. जर्मन भाषेत त्याच कुळातला ‘शुल्ड’ हा शब्द आजही कर्ज आणि अपराध या दोहोंसाठी चालतो. शूड हे शॅलचं भूतकाळी रूप. म्हणजे इंग्रजीत ‘पाहिजे’ म्हणायला रोज वापरले जाणारे दोन्ही शब्द, शूड आणि ऑट, मुळात ‘देणं होतं’ या अर्थाचे! आप्पा म्हणाले होते ते एका शब्दापुरतं खरं नव्हतं, घाऊक खरं होतं. लॅटिन देबेरेचं मूळही तसंच: दुसऱ्याचं आपल्याकडे असणे. त्यातून डेट, डेबिट, ड्यू, ड्यूटी हे सगळे शब्द आले. आणि साधं ‘हॅव टू’ घ्या: जवळ असणे या अर्थाचं क्रियापद, त्याला टू लागला की करावंच लागणे. माणूस काही बाळगतो म्हणतो आणि भाषा त्याला लगेच विचारते, मग द्यायचं कधी?

कोशात याच मुळाचा संस्कृत नातलगही दिलेला असतो. संस्कृतातला ‘ईश्’ हा धातू, स्वामी असणे या अर्थाचा. ईश, ईश्वर, ईशान. औंढा नागनाथ 1999 पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं. महाशिवरात्रीला झरीची माणसं तिकडे जात. तिथल्या नागेशाच्या नावातलं ईश आणि इंग्रजी ओ हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे. आमच्याकडे ते क्रियापद देवाच्या नावात जाऊन बसलं, इंग्रजीत कर्जदाराच्या तोंडी आलं.

हे सगळं मी हातानं उतरवून सरांना पत्रानं पाठवलं. तेव्हा झेरॉक्स परवडत नव्हती. सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. अक्षर तसंच झुकलेलं. नागेशाचं वाचून त्यांना फार आनंद झाला होता. पत्र त्यांनी आप्पांना दुकानात जाऊन वाचून दाखवलं होतं. शेवटी एक प्रश्न: ओनचा कबूल करणे असाही अर्थ आहे, तो कुठून आला? मी पुन्हा कोश काढला. सतराव्या शतकात तो अर्थ रुळलेला दिसतो: एखादी गोष्ट आपली म्हणून पत्करणे, आणि त्यातून कबूल करणे. असा आमचा पत्रव्यवहार काही वर्षं चालला. मी विद्यापीठात शिकत होतो आणि माझा अभ्यास झरीहून तपासला जात होता. माझ्या पुढच्या सगळ्या अभ्यासाला जी शिस्त आली ती त्या पोस्टकार्डांतून आली.

कर्जाबद्दल नुसतं गोड बोलणं मात्र झरीत कुणाला परवडणारं नाही, आणि मलाही तसं लिहायचं नाही. माझ्या चुलत्यांनी मुलीच्या लग्नासाठी तालुक्यातल्या एका सावकाराकडून पैसे घेतले. कागद झाला तो कर्जाचा नाही, खरेदीखताचा. पैसे फेडले की रान परत, हा तोंडी शब्द. दोन वर्षं पिकानं दगा दिला आणि रान गेलं. चुलते त्याच रानात सालानं राहिले. इंग्रजी क्रियापदाला मालकीकडून देण्याकडे यायला शतकं लागली. आमच्या भागात देण्याची मालकी व्हायला एक कागद पुरला. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 साली आला. सावकारीतून असं खरेदीखत करून घेतलेलं सिद्ध झालं तर जिल्हा निबंधक ते रद्द ठरवून जमीन परत देववू शकतो. चुलत्यांना त्याचा उपयोग झाला नाही. ते आधीच गेले होते.

त्या खरेदीखतातला मजकूर चुलत्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. म्हणून आप्पांची ती मोठ्यानं पान वाचण्याची शिस्त मला इतकी मोठी वाटते. देणं तेच असतं; एका ठिकाणी माणूस देणेकरी असतो आणि ताठ मानेनं घरी जातो, दुसऱ्या ठिकाणी त्याचं रान जातं. फरक व्याजाच्या दराचा असतोच, पण त्याहून आधी फरक असतो तो कागदावर काय लिहिलंय हे समोरच्याला कळू देण्याचा. मी शिक्षक झालो तेव्हा वर्गात कुठलाही उतारा आधी मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचायचा, हे आप्पांकडून घेतलं.

आपल्या परंपरेत ऋणाचा विचार फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांच्या तीन ऋणांसह येतो असं म्हटलंय. शतपथ ब्राह्मणानं त्यात चौथं घातलं, माणसांचं. मला हे चौथं सर्वांत जवळचं वाटतं. ब्रह्मगुप्तानं 628 साली गणितात शून्याहून कमी संख्येला ऋण हेच नाव दिलं. आणि मराठीनं ऋणानुबंध हा शब्द माणसांमधल्या ओढीसाठी रुळवला: मागच्या जन्मीचं देणं या जन्मी भेट घडवतं अशी त्यामागची कल्पना. माझा पूर्वजन्मावर विश्वास नाही. या जन्मातली देणीच इतकी आहेत की मागचं काही धरायची गरज पडत नाही. पण देण्यातून नातं तयार होतं, ही त्या शब्दातली जाण मला पूर्ण पटते, आणि तिथे मराठी इंग्रजीच्या पुढे गेलेली आहे. इंग्रजीत ओपासून कर्तव्य निघालं, नातं निघालं नाही. मराठीत एकाच लागणेनं तिन्ही होतं. मी तुझं देणं लागतो. मला यावं लागतं. तू माझा भाऊ लागतोस. आप्पांनी गूळ जोखता जोखता सांगितलं ते हेच.

आबांच्या खात्याचं सांगायचं राहिलं. कापसाची एकाधिकार खरेदी सुरू होऊन काही वर्षं झाली होती. एका सुगीला कापूस बरा आला, पैसा हाती आला आणि आबांनी सगळी बाकी एकदम भरली. आप्पांनी मला ते पान वाचायला लावलं, दुष्काळापासूनची ओढत आणलेली बाकी धरून. आबा उकिडवे बसून ऐकत होते. मग मी खाली ओळ मारून लिहिलं: येणे बाकी नाही. मी कॉलेजला निघालो तेव्हा फीपुरते पैसे आप्पांनी हातावर ठेवले आणि ते वहीत घालायचे नाहीत असं बजावलं. नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत मी ते परत करायला गेलो. ते पैसे नाकारतील असं घरात सगळ्यांना वाटत होतं. आप्पांनी ते घेतले, बोटांनी चाचपून मोजले आणि गल्ल्यात टाकले. मला ते फार आवडलं. फेडू शकणारा माणूस म्हणून त्यांनी मला वागवलं. पैशाचं देणं फिटलं ते तिथे. वहीतल्या त्या संध्याकाळी, वाचून दाखवण्याची सवय, ‘मामा बी लागतो’ हे वाक्य, यांचं काही जमा होत नाही. सरांचं तर एक पैशाचंही देणं माझ्याकडे कधी नव्हतं, आणि तरी सगळ्यांत मोठी बाकी त्यांचीच आहे.

इंग्रजीत कारण सांगताना ‘ओइंग टू’ म्हणतात. पावसामुळे खेळ थांबला, दुष्काळामुळे पीक गेलं. यातलं ओइंग हेच ते क्रियापद. जे घडलं त्याचं देणं कुणाकडे जातं ते सांगणारं. सरांमुळे मी शिकलो, आप्पांमुळे शिकत राहिलो, ही दोन वाक्यं इंग्रजीत करायला सांगितली तर मी याच शब्दानं करीन.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. झरीतली आजची मुलं ती भाषा माझ्यापेक्षा चार वर्षं आधी ऐकतात आणि मोबाइलवर तिचा उच्चारही ऐकतात. हे चांगलंच झालं. पण ऑट आणि शूड आजही मुलं पोपटासारखी पाठ करतात, कारण मार्गदर्शकात त्यांच्यापुढे ‘पाहिजे’ एवढंच छापलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांना माझी विनंती आहे: तो धडा घेताना हे दोन्ही शब्द देण्यातून आले आहेत हे मुलांना सांगा, आणि शेजारी फळ्यावर लागणे लिहा. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजवावं लागत नाही. सांगताना माझ्या सरांचा आणि आप्पांचा उल्लेख करण्याची गरज नाही. झरीच्या एका दुकानात हे ठरलं, एवढं सांगितलं तरी पुरे.